बासवाल्याच्या पायाशी काय असावं?

नागपूरहून वर्धा रोडने निघालं की अठ्ठावीस-तीस किलोमीटरवर बुटीबोरी येतं. एमआयडीसीतल्या पाळ्यांवर इथला दिवस ठरतो. ज्यांना गाण्याबजावण्याचा नाद आहे, त्यांच्या तालमीही पाळ्या पाहूनच ठरतात. गणपतीच्या आधीचा रविवार आहे. भाड्याच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत चटईवर दोन बास गिटार आडवे ठेवलेत आणि त्यांच्या मधे वहीचं एक पान आहे. पानावर भाच्याच्या अक्षरात सहा ओळी: ट्यूनर, प्रीॲम्प, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, ऑक्टेव्ह, फिल्टर. पगारातून महिनोन्‌महिने बाजूला काढलेले पैसे हाताशी आहेत. सीताबर्डीला जायचं की ऑनलाइन मागवायचं, एवढंच त्याच्या मते ठरायचं बाकी आहे.

मामांच्या मते अजून काहीच ठरलेलं नाही.

मामा एका कारखान्यात मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन आहेत. पंचवीस वर्षं त्यांनी नागपूर-वर्ध्याकडच्या ऑर्केस्ट्रांत बास वाजवला: हिंदी सिनेमाची गाणी, भीमगीतांचे कार्यक्रम, गणपती-दुर्गा मंडळांच्या रात्री. त्यांचा बास चार तारांचा, आत ना बॅटरी ना प्रीॲम्प. भाचा दुसऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. त्याचा बास पाच तारांचा आणि ॲक्टिव्ह. पुढच्या शनिवारी नागपुरात त्याच्या बँडचा कार्यक्रम आहे.

"एवढे डबे कायले पायजे तुले? बास म्हणजे बोटं, तार अन् कान," मामा पान उचलत म्हणाले.

"मामा, कान आहेत म्हणूनच तर पाहिजे. मागच्या कार्यक्रमात माझा बास मलाच ऐकू येत नव्हता."

ट्यूनर पहिला घ्यायचा, यावर दोघांचं एकमत होतं. तो कोणता, इथे गाडी अडली. मामा म्हणत होते, काही शे रुपयांत क्लिपवाला भेटते, बासच्या हेडला लावला की झालं. भाच्याला पायाने दाबायचा पेडल ट्यूनर हवा होता.

बासला सूर लावणं गिटारपेक्षा अवघड असतं, याला कारण आहे. बासची सर्वांत जाड ई तार म्हणजे पेटीवरची पांढरी तीन, ४१.२ हर्ट्झ. एक कंपन पुरं व्हायला चोवीस मिलिसेकंद लागतात, आणि सूर ओळखायला ट्यूनरला अशी बरीच कंपनं मोजावी लागतात. भाच्याच्या बासची पाचवी तार तर ३०.९ हर्ट्झची. मोबाइलच्या इवल्या माइकला हा मूळ स्वर धड पकडताच येत नाही, आणि शेजारी ढोलकी जुळवणं चालू असेल तर मोबाइल काहीही दाखवतो. क्लिप ट्यूनर लाकडातलं कंपन घेतो, त्यामुळे गोंगाटात तो मोबाइलपेक्षा भरवशाचा. पण स्टेजखाली सबवूफर असला की लाकूडही थरथरतं आणि काटा नाचायला लागतो. पेडल ट्यूनर थेट पिकअपचा सिग्नल वाचतो.

"अन् एक सांगू?" भाचा म्हणाला. "पेडल दाबलं की आवाज बंद होतो. निवेदक बोलत असताना मी गुपचूप तार जुळवू शकतो. तुम्ही टुंग-टुंग करता तेव्हा अख्खं मैदान ऐकतं."

मामांनी हे मान्य केलं. नागपूरच्या हवेत तार दर तासाला पाहावी लागते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात तापलेल्या बासच्या तारा सैलावून सूर उतरतो, आणि तोच बास एसीच्या सभागृहात नेला की सूर चढतो. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह आणि बुटीबोरीचा उघडा मंडप या दोन ठिकाणी एकच बास दोन तऱ्हांनी वागतो.

अचूकतेच्या बाबतीत मात्र फार महागात शिरायचं कारण नाही. बॉसचा टीयू-३ हा जगभर स्टेजवर दिसणारा ट्यूनर एका सेंटपर्यंत अचूक आहे. शंभर सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. ई तारेवर एक सेंट म्हणजे हर्ट्झचा चाळिसावा हिस्सासुद्धा नाही. १९३६ साली अमेरिकेत कॉन कंपनीने सूर मोजायला स्ट्रोबोकॉन नावाचं यंत्र काढलं, त्यात फिरत्या चकत्या होत्या आणि ते उचलून न्यायचं म्हणजे काम होतं. कोर्गने १९७५ मध्ये हातात मावणारा ट्यूनर आणला. १९९८ मध्ये बॉसचा टीयू-२ आला आणि ट्यूनर वादकाच्या पायाशी रुळला. आज याच जातीचा मध्यम किमतीचा कोणताही चांगला ट्यूनर बासला पुरतो. विकत घेताना दोन गोष्टी मात्र दुकानातच पाहाव्यात. पाच तारांच्या बासची बी तार तो पटकन ओळखतो का? आणि ४४० हर्ट्झचं प्रमाण खाली-वर करता येतं का? आपल्याकडे हे दुसरं फार महत्त्वाचं. भजनाच्या किंवा भीमगीतांच्या कार्यक्रमात जुनी पेटी असेल तर ती ४४० ला असेलच असं नाही, आणि पेटी जुळवून घेत नसते. बासने तिच्याशी जुळवायचं. टीयू-३ मध्ये हे प्रमाण ४३६ ते ४४५ पर्यंत हलवता येतं.

"बाराव्या पट्टीवर हलकं बोट ठेवून वाजव, टोनचं बटण बंद कर, काटा लवकर थांबते," मामांनी आपलं जुनं तंत्र सांगितलं. ते बरोबरच आहे. बाराव्या पट्टीवरचा हार्मोनिक दुप्पट कंपनांचा, म्हणजे ई तारेवर ८२.४ हर्ट्झचा असतो, आणि तो ट्यूनरला सोपा जातो.

मग मामांनी एक प्रयोग दाखवला. मित्राकडून पाहायला आणलेला पेडल ट्यूनर भाच्याने चालू केला होता. मामांनी त्यातली केबल बासमधून काढली आणि जॅकच्या टोकाला नुसतं बोट लावलं. कुठेही तार वाजली नाही, तरी पडद्यावर जी उमटला आणि काटा मधल्या रेषेच्या उजवीकडे, चढीला जाऊन थांबला.

"हे काय हाय, सांग."

भाचा गप्प.

"घरची लाइन. पन्नास हर्ट्झ."

बासच्या ई तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी, म्हणजे पांढरी पाच, ४९ हर्ट्झचा. आपल्या विजेची लाइन ५० हर्ट्झची, पांढरी पाचच्या साधारण ३५ सेंट वर. तिच्या दुपटीचे १०० हर्ट्झ उघड्या जी तारेच्या ९८ हर्ट्झपेक्षा तेवढेच चढे. अमेरिकेत लाइन ६० हर्ट्झची, तिथली गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे पडते. आपल्याकडची गुणगुण नेमकी बासच्या घरात राहते. गायिकेची पट्टी पांढरी पाच असेल तर तिच्या खालच्या षड्जाच्या जवळ, पण बेसूर, अशी एक तंबोऱ्याची तार कार्यक्रमभर वाजत असते. गिटारवाल्याला हम म्हणजे नुसता त्रास, बासवाल्याला तो चुकीचा स्वर आहे. पुढची सगळी खरेदी याच प्रयोगाच्या उजेडात करायला हवी.

प्रीॲम्पवर खरी खडाजंगी झाली.

"तुह्या बासमधी प्रीॲम्प हायच ना? मग दुसरा कायले?" मामांचा प्रश्न रास्त होता. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणला, त्यात बॅटरी नव्हती. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून बासच्या पोटातच छोटा प्रीॲम्प बसवण्याची चाल रुळली. भाच्याच्या बासमध्ये तो आहे. मामांनी पुढे जेम्स जेमर्सनचं नाव काढलं. डेट्रॉइटच्या मोटाऊन स्टुडिओतला हा बासवादक १९६२ चा प्रिसिजन, त्यावर सपाट गुंडाळीच्या जुन्या तारा आणि उजव्या हाताची एकच तर्जनी एवढ्यावर वाजवत असे. ती गाणी अर्ध्या जगाने ऐकली. "त्याच्या पायाशी काय होतं? चप्पल!"

"पण मामा, तो वायर कुठे लावत होता? स्टुडिओच्या डायरेक्ट बॉक्समध्ये. तिथून चांगला टेबल अन् जाणता इंजिनियर. मी वायर कुठे लावतो? बिछायतवाल्यानं आणलेल्या मिक्सरच्या रिकाम्या भोकात."

इथे भाच्याचं पारडं जड आहे. साध्या बासच्या पिकअपचा सिग्नल अशक्त असतो. त्याला पुढच्या यंत्राने फारसं ओढून चालत नाही. बाससाठी बनवलेल्या इनपुटचा रोध सुमारे दहा लाख ओहम असतो, मिक्सरच्या लाइन इनपुटचा दहा हजारांच्या आसपास. पॅसिव्ह बास थेट तिथे खुपसला की आवाज दबतो आणि बोटांची धार जाते. वर स्टेजपासून मिक्सरपर्यंत लांबलचक साधी केबल टाकली तर ती वाटेत मामांचे पन्नास हर्ट्झ गोळा करत जाते. डीआय बॉक्स, म्हणजे तोच डायरेक्ट बॉक्स, या दोन्हींवरचा इलाज आहे. बासला हवा तसा रोध तो देतो आणि तीन पिनांच्या एक्सएलआर केबलवरून सिग्नल दोन उलट रूपांत पाठवतो. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्हींत सारखाच असतो, तो दुसऱ्या टोकाला वजा होतो.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. आपल्याकडच्या स्टेजवर बासचा ॲम्प बहुधा नसतोच. १९६९ मध्ये आलेल्या ॲम्पेग एसव्हीटीचा ३०० वॉटचा हेड आणि त्याखालचं आठ स्पीकरांचं कपाट ही बासच्या भरदार आवाजाची जगमान्य खूण. ते बुटीबोरीहून मोटरसायकलवर नेता येत नाही. बास सरळ साउंडवाल्याच्या स्पीकरमध्ये जातो तेव्हा ॲम्प आणि कपाटाने दिलेला गोलावा गळून पडतो, उरतो तो कोरडा खणखणाट. न्यूयॉर्कच्या टेक २१ कंपनीचा सॅन्सॲम्प बास ड्रायव्हर डीआय याच गरजेतून आला. ॲम्प आणि स्पीकरचा रंग तो छोट्या डबीत तयार करतो आणि एक्सएलआरने मिक्सरला देतो. त्याच धर्तीची बेहरिंगरची बीडीआय २१ ही प्लॅस्टिकची डबी बरीच स्वस्त आहे. एमएक्सआरची बास डीआय प्लस आणि हेलसिंकीच्या डार्कग्लासचे प्रीॲम्प ही त्याच घराण्यातली अधिक दणकट नावं. भाच्याची नजर अर्थातच डार्कग्लासवर होती.

पण आवाज कसा लावायचा हे मामांनीच शिकवलं. "खालचा बास वाढवू नको. तिथं ऑक्टोपॅडचा किक बसला हाय. तू मधी ये." आपल्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडचा किक, ढोलकीची धुम आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात हे तिघंही तळाशी गर्दी करतात. बासवाला सवयीने तळच वाढवतो आणि त्या गाळात बुडतो. दोनशे-अडीचशेपासून आठशे हर्ट्झपर्यंतचा मधला भाग थोडा वर आणला की बास गर्दीतून डोकं वर काढतो. म्हणून मधल्या पट्ट्याचं बटण नसलेला प्रीॲम्प घेऊ नये. भाच्याला स्वतःचा बास ऐकू येत नव्हता, त्याचंही बहुधा हेच कारण असावं.

"अन् हे सगळं घरूनच लावून न्यायचं," भाचा म्हणाला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो. वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांसाठी सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. कार्यक्रम उशिरा सुरू होतो, बंद मात्र वेळेवर करावा लागतो, आणि काट बसते ती साउंड चेकला. ज्याचा आवाज आधीच डबीत लावलेला आहे, त्याला पाच मिनिटं पुरतात.

डबे म्हणजे नखरे, या मामांच्या मुद्द्यावर भाच्याने चरणजीत सिंग यांचं नाव पुढे केलं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात बास आणि गिटार वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ मध्ये रोलंडचं टीबी-३०३ हे यंत्र घेऊन दहा रागांची एक रेकॉर्ड केली. टीबी-३०३ म्हणजे एकट्या वादकाला बासची साथ देणारी डबी. बाजारात ती पडली, १९८४ पर्यंत बंदही झाली. नंतर शिकागोच्या पोरांनी तिच्यावर ॲसिड हाउस उभं केलं. चरणजीत सिंग यांची रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगाला कळलं की मुंबईत हा आवाज आधीच निघून गेला होता. "बासवाल्याची जागा घ्यायला आलेल्या डबीला एका बासवाल्यानंच राग शिकवले, मामा."

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. "रेकॉर्ड ऐकव मले," एवढंच म्हणाले.

राहिलेल्या ओळींवर मात्र त्यांनी पेन चालवलं. ऑक्टेव्ह पहिला गेला. पाचव्या तारेच्या खालचा सप्तक म्हणजे साधारण साडेपंधरा हर्ट्झ. माणसाचा कान वीसच्या आसपास सुरू होतो. ते कोणाला ऐकू येणार नाही, नुसते स्पीकर ढकलले जातील. फिल्टर भाच्याच्या यादीतल्या किती गाण्यांत लागतो, हे विचारल्यावर उत्तर आलं, एका. तोही गेला. ओव्हरड्राइव्हवर भाचा अडून राहिला, कारण बँड रॉकही वाजवतो. पण बासचा आवाज फाडला की तळ पातळ होतो, म्हणून मूळ आवाज मिसळण्याचं ब्लेंड बटण लागतं. सॅन्सॲम्पच्या जातीच्या प्रीॲम्पमध्ये ड्राइव्ह आणि ब्लेंड दोन्ही असतात. मग वेगळं पेडल कशाला? तीही ओळ खोडली गेली.

कॉम्प्रेसरवर दोघांचं शेवटपर्यंत पटलं नाही. जोरात आणि हळू वाजलेल्या स्वरांमधली तफावत तो कमी करतो. स्लॅप वाजवणाऱ्याला तो लागतो, मामांना तो बोटांचा आळस वाटतो. माझं मत मामांच्या बाजूचं आहे, निदान पहिल्या वर्षासाठी. कॉम्प्रेसर लावून शिकलेल्याला आपली बोटं असमान पडताहेत हे कळतच नाही.

सगळं एकाच पेटीत देणारं मल्टिइफेक्ट घ्यावं का? झूमचं बी१ फोर चार पेन्सिल सेलवर चालतं. त्यात ट्यूनर आहे, कॉम्प्रेसर आहे, सरावाला ताल आहे, हेडफोनही लागतो. दुसऱ्या पाळीहून रात्री अकराला परतलेल्या मुलाला शेजाऱ्यांची झोप न मोडता वाजवता येणं ही फार मोठी सोय. पण त्याला एक्सएलआर नाही, म्हणून स्टेजवर डीआय लागणारच.

यादी संपली असं भाच्याला वाटलं. मामांनी खाली आपल्या हाताने सातवी ओळ लिहिली: पावर.

पेडलांची रूढ वीज नऊ व्होल्ट डीसी, आणि पिनेच्या मधोमध ऋण. घरातल्या वायफाय राउटरचा अडॅप्टर बहुधा बारा व्होल्टचा आणि मधोमध धन असतो. पिन बसते म्हणून तो लावला तर पेडल जळू शकतं. एकाच अडॅप्टरला फाटे फोडून तीन-चार पेडल चालवली की त्यांच्या जमिनी (ग्राउंड) एकमेकींत गुंततात आणि शिट्टी ऐकू येते. त्यापेक्षा वेगवेगळे आउटपुट असलेला पावर सप्लाय घ्यावा. ॲक्टिव्ह बासमध्ये जॅक आत असेपर्यंत बॅटरी जळत राहते, म्हणून वाजवून झालं की केबल काढायची आणि नवी बॅटरी खिशात ठेवायची.

"अन् हे ग्राउंड लिफ्टचं बटण," मामांनी मित्राकडूनच आणलेल्या डीआयवर बोट ठेवलं. "हम आला तर हे दाब. प्लगची जाड पिन कधी तोडू नको." डीआयचं बटण फक्त एक्सएलआरमधली सिग्नलची जमीन सोडवतं, त्याने कोणाच्या जिवाला धोका नाही. प्लगची अर्थिंग पिन काढली की धातूच्या डब्यात उतरलेल्या करंटला वादकाच्या अंगातूनच वाट मिळते. बासवाल्याचे दोन्ही हात तारांवर असतात, तारा जमिनीला जोडलेल्या असतात, आणि कोरस म्हणायला ओठ माइकला टेकतात. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. आपल्याकडे गणपतीत पाऊस असतो, मंडपाखाली चिखल असतो, जनरेटरची अर्थिंग कोणी पाहिलेली नसते.

संध्याकाळी पानावर उरलं ते असं: पेडल ट्यूनर, मधल्या पट्ट्याचं बटण असलेला प्रीॲम्प-डीआय, वेगवेगळ्या आउटपुटचा पावर सप्लाय, दोन चांगल्या केबल. डार्कग्लास पुढच्या वर्षावर गेला. कॉम्प्रेसरपुढे भाच्याने 'दिवाळी' लिहिलं, मामांनी प्रश्नचिन्ह काढलं. निघताना त्यांनी आपल्या हत्यारांच्या पिशवीतला मल्टिमीटर भाच्याच्या बॅगेत टाकला.

मंडपात वाजवणाऱ्या प्रत्येकाला एवढीच विनंती: पहिल्या गाण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवा, एक टोक बासच्या ब्रिजला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. आकडा शून्याजवळ नसेल तर माइकला तोंड लावू नका, आणि अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत कार्यक्रम थांबवा.